हाउसची बावीस कार्डं

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

बायको, शकु, गेली त्याला आज तेरा दिवस झाले. नेत्रा काल नाशिकला तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, तुम्ही कोणाशी बोलत नाही. निदान लिहीत तरी जा." कपाटात कारखान्याची जुनी कोरी डायरी होती. तारखा खोडून ती वापरतोय. स्टोअरकीपर असताना रोज लिहायचो, पण ते मालाचं. हे कसं लिहितात माहीत नाही.

दुपारी तीनला बेल वाजली. दारात तीन बायका. शकुच्या इंग्रजीच्या क्लासच्या. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते साडेचार, शकु आमच्या बाहेरच्या खोलीत क्लास घ्यायची. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर सुरू केला होता. त्या वेळी मी आत झोपायचो, नाहीतर चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या बागेत जाऊन बसायचो. तिघींना चेहऱ्याने ओळखतो. बोललो कधी नव्हतो.

शकुच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिघी येऊन गेल्या होत्या, म्हणून भेटायला आल्या असं वाटेना. मी म्हणालो, "क्लास आता बंद आहे."

त्यांतली वयाने मोठी पार्वतीबाई, चारकोप गावातली, मासळी विकते. ती म्हणाली, "ठाऊक हाय रं आम्हाला. बसायला आलो. बसू नको काय?"

बसल्या. दीड तास बसल्या. काही शिकणं नाही, काही नाही. मी चहा केला, साखर घालायला विसरलो. त्यांनी तसाच प्याला. जाताना चेतना, जी मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहे, ओट्यावर डबा विसरून गेली. मी गेटपर्यंत धावत जाऊन तो परत दिला. ती म्हणाली, "काका, तुमच्यासाठीच ठेवलाय ओ." भेंडीची भाजी होती. मला कळायला हवं होतं बहुतेक.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुन्हा आल्या. तीन वाजताच.

तिसरीचं नाव तेजल. तीस-बत्तीसची असेल. इंग्रजी माध्यमाच्या एका लहान शाळेत मावशीचं काम करते. पोरांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं. बारावी झालेली आहे, बालवाडीचा कोर्सही केलाय. जूनपासून तिथे एका टीचरची जागा रिकामी होतेय, ती तिला हवी आहे. त्यासाठी २६ मार्चला मोठ्या मॅडमसमोर वीस मिनिटं पोरांना शिकवून दाखवायचंय. एक साधा रोजचा शब्द घ्यायचा आणि त्याच्यापासून तयार होणारे जोडशब्द शिकवायचे. शकुने तिच्यासाठी हाउस हा शब्द निवडला होता.

"काका, काकींची कार्डं असतील बघा. फेब्रुवारीत आम्ही दोघी बसणार होतो."

मी म्हणालो, "शोधतो."

कार्डं कसली, ते विचारलं नाही. शकु क्लासमध्ये नेमकं काय करायची ते मला माहीत नाही, हे त्या तिघींना कळू द्यायचं नव्हतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

शकुचं कपाट उघडलं. कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. बघून गोंधळलो, कारण ती आमची बिन कार्डं होती. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला दोऱ्याने एक कार्ड अडकवलेलं असतं. किती माल आला, किती गेला, किती उरला ते त्यावर लिहायचं. चारकोप इस्टेटमधला आमचा पंपांचा कारखाना बंद झाला तेव्हा कोऱ्या बिन कार्डांचे दोन गठ्ठे मी घरी आणले होते, रद्दीत जाऊ नयेत म्हणून. त्यांचं पुढे काय झालं हे मी कधी पाहिलं नाही. शकुने कोऱ्या बाजूला स्केचपेनने इंग्रजी शब्द लिहिले होते आणि खाली चित्रं काढून रंगवली होती. ती चित्र काढते हे मला माहीत होतं का? रांगोळी काढायची. चित्रांचं आठवत नाही.

एकूण एकशे छत्तीस कार्डं. सहा गठ्ठे, प्रत्येकाला रबर. एका गठ्ठ्यात हाउसचे शब्द, एकात वॉटरचे, एकात हँडचे, असं. हाउसला फ्लाय जोडली की घरमाशी, हँडला बॅग जोडली की हातातली पिशवी. हे समजलं. पण मांडणी मला चुकीची वाटली. स्टोअरमध्ये वस्तू तिच्या मूळ नावाने लावतात. स्प्रिंग वॉशर हा आधी वॉशर, मग स्प्रिंगचा. नाहीतर कोणी मागितला तर सापडायचा नाही. हाउसफ्लाय म्हणजे काही हाउस नव्हे, फ्लाय आहे.

रबरं वाळून तुटायला आली होती. ती टाकून दिली. सगळी कार्डं जमिनीवर पसरली आणि नीट लावली. हाउसफ्लाय बटरफ्लायबरोबर. हाउसकोट रेनकोटबरोबर. हाउसबोट स्टीमबोटबरोबर. हँडपंप आणि वॉटरपंप एकत्र आले तेव्हा फार बरं वाटलं. प्रत्येक गटाला दोरा बांधला, वर चिठ्ठी लावली. हाउसवाइफ मात्र कशातच बसेना, वाइफचं दुसरं कार्डच नव्हतं. ते 'इतर' लिहिलेल्या पाकिटात ठेवलं.

चार तास लागले. शकु गेल्यापासून डोकं इतका वेळ शांत राहिलं नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तेजलने डबा उघडला आणि बघतच राहिली.

"काका, हाउस कुठाय?"

"आहे ना. माशी माश्यांत, कोट कोटांत, होडी होड्यांत. काहीही मागा, दहा सेकंदांत काढून देतो."

"वाट लागली," चेतना म्हणाली. "काका, इथे माशी मागायला कोण येणारे? गिऱ्हाईक?"

पार्वतीबाईने माझी बाजू घेतली. "काय चुकलं त्याचं? मी पण पापलेट पापलेटातच लावते. बोंबिलात टाकते काय?" मग थांबून म्हणाली, "पण बाईचं लावणं वेगळं होतं रं. बाईची गोष्ट होती."

मग कळलं. शकु कार्डं एकामागून एक काढत एक गोष्ट सांगायची. ज्या क्रमाने गठ्ठा, त्या क्रमाने गोष्ट. मी विचारलं, "नंबर घातले नव्हते?"

"काकींना नंबर कशाला? तोंडपाठ होतं त्यांना," तेजल म्हणाली. "हाउसची गोष्ट त्या अजून जुळवत होत्या. मी अख्खी दोनदाच ऐकलीय."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. तिने शांतपणे एकेक दोरा सोडला आणि हाउसची कार्डं बाजूला काढली. एकवीस. बाविसावं 'इतर'मधून मी काढून दिलं.

"ही तर सगळ्यात पहिली," ती म्हणाली. "हिच्यापासून सुरू होते गोष्ट."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

त्या तिघी जमिनीवर, मी खुर्चीवर. बावीस कार्डं मध्ये. जिला जे आठवेल ते तिने सांगायचं.

एक बाई आहे, हाउसवाइफ. सकाळी उठते, हाउसवर्क करते, हाउसप्लांटला पाणी घालते. इथवर तिघींचं एकमत. मग भांडण. चेतना म्हणे की माशी कामाच्या वेळी येते, कारण बाई झाडू मारत असते. पार्वतीबाई म्हणे, छट्, माशी होडीच्या नंतर.

"होडीत माशी कुठून आली, मावशी?"

"माझ्या टोपलीवर बसली म्हणून! शकुबाई मला बघून बोलली, हाउसफ्लाय सिटिंग ऑन पार्वतीज फिश. मी बोलले, बाय, धंद्यावर उठू नको माझ्या."

एवढ्या हसल्या की शेजारचे काशीरामभाऊ कंपाउंडवरून डोकावले. मृत्यू झालेल्या घरातून हसणं ऐकू येतंय म्हणून मला अवघडल्यासारखं झालं. पण त्यांना थांबवावं असंही वाटेना.

तेजल म्हणाली, शकुने गोष्टीचे दोन भाग केले होते. ज्या शब्दांत हाउस पुढे आहे ते घरातले. ज्यांत हाउस मागे आहे, गेस्टहाउस, लाइटहाउस, वेअरहाउस, ते बाहेरचे. अर्ध्या गोष्टीत बाई घरात असते, मग दार उघडून बाहेर पडते. मधलं कार्ड हाउसबोट. तिच्यात बसून जाते.

मी विचारलं, "हाउसबोटच का?"

"काकींना जायचं होतं ना. म्हणायच्या, हे रिटायर झाले की जायचं असं मी ठरवलेलं."

मला रिटायर होऊन चार वर्षं झाली. शकु माझ्याशी हाउसबोटीबद्दल कधी बोलली नाही. बोलली असती तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. म्हणून ते इथे लिहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च

एकोणीस कार्डं क्रमाने लागली. हाउसकोट कुठे येतो यावर अडलं होतं. चेतनाला आज आठवलं. ती उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला आणि शकुच्या आवाजात म्हणाली, "धिस इज माय हाउसकोट. माय हजबंड गेव्ह मी. इट इज व्हेरी व्हेरी बिग."

आवाज हुबेहूब होता. मला हातातला ग्लास खाली ठेवावा लागला.

पार्वतीबाई हसत होती. "आम्ही विचारलं, बाय, मग बदलून का नाय आणला? तर बोलली, सांगितलं तर बदलून आणतील गं, पण परत कधी काही आणणार नाहीत."

मग तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. चेतना पटकन खाली बसली. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो. पाणी समोरच होतं.

तो हाउसकोट कांदिवली स्टेशनबाहेर घेतला होता. दुकानदाराने साइज विचारला. मला माहीत नव्हता. मी म्हणालो, मोठा द्या, धुतल्यावर आटेल. नऊ वर्षं तिने तो घातला. मोठा होता हे माझ्या लक्षात आलं नाही. बाह्या दुमडलेल्या असायच्या, ती तशी फॅशन असेल असं वाटलं.

त्यानंतर मी तिला काय काय आणलं ते आठवत बसलो. मिक्सर आठवला. पण तो कारखान्याने दिवाळीला सगळ्यांनाच दिला होता.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. क्लास नाही. मी क्लास म्हणतोय, पण क्लास कुठे आहे?

मंगळवार, १८ मार्च

बावीस कार्डं क्रमाने लागली. खरा क्रम हाच का, ते सांगणारं कोणी नाही. तेजल म्हणाली चालेल.

ती आज डबा पिशवीत घालायला लागली तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. मी म्हणालो, "थांब. झेरॉक्स काढून देतो." तिने डबा लगेच खाली ठेवला. चेतनाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेजलने तिला चिमटा काढला. मला दिसलं.

संध्याकाळी झेरॉक्स काढायला गेलो. रंगीत मशीन बंद होतं. साधी काढली, जाड कागदावर. दुसऱ्या दुकानात मी गेलो नाही. जाता आलं असतं.

मंगळवार, २५ मार्च

उद्या तेजलचा डेमो. आज तिने आमच्यासमोर करून दाखवला. आम्ही पोरं झालो. पार्वतीबाई पहिल्या बाकावरचं द्वाड पोर झाली होती. सारखी करंगळी वर करत होती.

तेजल चांगलं बोलते. भीड गेली की आवाज मोकळा होतो. पण तिने माशीचं कार्ड वर धरलं आणि पार्वतीबाई खरंच गोंधळली. "हे काय, शाईचा डाग?" झेरॉक्समध्ये माशी काळी झाली होती. शिवाय मागच्या बाजूचे रकाने कागदावर उमटले होते. हाउसबोट तर आवक-जावकच्या रकान्यांत अडकली होती.

"काका," चेतना म्हणाली, "ही माशी बघून पोरं रडतील."

"चालेल गं," तेजल म्हणाली. "मी तोंडाने सांगेन." पण ती कार्डाकडे बघत होती.

मी आत जाऊन डबा आणला आणि त्यात फक्त हाउसची मूळ कार्डं ठेवून तिच्यासमोर ठेवला. ठरवून केलं नव्हतं. म्हणालो, "उद्या संध्याकाळी परत."

"आईशप्पथ काका. सहाच्या आत."

ती गेल्यावर कपाटात तेवढी जागा रिकामी दिसत राहिली. दोनदा उघडून पाहिलं.

बुधवार, २६ मार्च

तेजल साडेपाचला आली. दारातच उभी राहिली. डबा माझ्या हातात दिला. मी कार्डं मोजली. एकवीस. परत मोजली.

"काका, मोठ्या मॅडमनी सांगितलं, कार्डं पोरांच्या हातात द्या. चाळीस पोरं होती. मी सगळी गोळा केली, बाकांखाली बघितलं, दप्तरं बघितली..."

"कोणतं?"

"हाउसकोट."

मी जे बोललो ते लिहून ठेवतो, कारण नंतर मी ते बोललोच नाही असं मला वाटायला लागेल. मी म्हणालो, "शकुने ही तुला दिली नव्हती. मी दिली. माझी चूक झाली. आता कोणी येऊ नका."

ती "सॉरी काका" म्हणाली आणि गेली. चप्पल धड न घालता गेली.

डेमो कसा झाला ते मी विचारलं नाही.

एक कार्ड. कोऱ्या कार्डांचा अख्खा गठ्ठा घरात पडून आहे. स्टोअरला असताना एवढ्यासाठी मी कोणावर आवाज चढवला नव्हता. बेअरिंगची पेटी चोरीला गेली तेव्हाही नाही. आज काय झालं ते कळत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

तीन वाजता दार उघडं ठेवलं. हवा यावी म्हणून. कोणी आलं नाही. मीच सांगितलं होतं येऊ नका.

साडेचारला बंद केलं.

रविवार, ३० मार्च

नेत्राचा फोन. "पप्पा, त्या बायका येतात ना अजून?"

मी म्हणालो, "हो."

खोटं का बोललो? आणि तिला त्या येतात हे माहीत कसं? मी तिला सांगितलेलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

चेतना एकटी आली. ड्युटीचे कपडे अंगावर होते. आत बोलावलं तरी आली नाही. दारातूनच बोलली.

"काका, माहितीये का? तेजल पास झाली."

"अरे वा."

"काय अरे वा! ती नाही म्हणणारे. शुक्रवारपर्यंत शाळेत सही करायचीय, आणि ही बाई म्हणते मी नाही करणार."

"का?"

"का म्हणून मला विचारताय? मोठ्या मॅडम म्हणाल्या, जूनपासून सगळे शब्द असेच शिकवा, अशीच कार्डं, अशाच गोष्टी. ही म्हणते, काकींची वस्तू मी हरवली, काकांनी तोंडावर सांगितलं की ती माझी नव्हतीच. मग त्याच्याच जिवावर टीचर कशी होऊ? शाळेचा कचरा उपसला ओ तिने. दोन दिवस."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने बोलू दिलं नाही.

"काकींनी सहा महिने तिला घडवली. चाळीस पोरांसमोर उभं राहायला शिकवलं. तुम्ही आत झोपायचात ना, तुम्हाला काय माहीत?" मग तिलाच कसंतरी झालं. म्हणाली, "सॉरी काका. पण खरंय ते." मग म्हणाली, "जेवताय ना नीट?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

तिच्या बोलण्यातलं काहीच खोटं नाही. मी आत झोपायचो. कधी कधी झोपलेलोही नसायचो. बाहेर हसण्याचा आवाज यायचा आणि मी डोळे मिटून पडून राहायचो. शकु माझ्याशी अशी हसत नाही, असं वाटायचं. मी तिला हसण्यासारखं काही सांगत होतो का, हे तेव्हा मनात आलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

सकाळपासून तेजलला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवतोय. दोन झाली. तिसरं होत नाही. सहाही गठ्ठे पूर्वीसारखे करून ठेवले, म्हणजे हाउस हाउसमध्ये, वॉटर वॉटरमध्ये. आतला क्रम मला येत नाही. नवी रबरं आणली.

गुरुवार, ३ एप्रिल

दुपारी लालजीपाड्यात गेलो. तेजलचं घर विचारत विचारत सापडलं. एका खोलीचं घर, वर पोटमाळा. तेजल आणि तिची सासू दोघीच होत्या. सासूबाई टीव्ही बघत बसल्या होत्या. तेजल मला बघून इतकी दचकली की तिच्या हातातली कणीक खाली पडली.

जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "सगळी आहेत. सहाही शब्द. उद्या जाऊन सही कर."

"काका, नको."

"मी त्या दिवशी बोललो ते बरोबर नव्हतं. शकुने तुझ्यासाठीच केली होती. मला ती ठेवायची होती, म्हणून बोललो."

"पण ते एक कार्ड..."

"दुसरं करू. कोरी आणलीत मी. स्केचपेनपण आणलीत."

"अक्षर काकींचं नसणार, काका."

"नसणार."

ती उठली. मग हात धुऊन आली आणि समोर बसली. शब्द मी लिहिला. माझं अक्षर स्टोअरचं, सगळं कॅपिटल, खोक्यावर लिहितात तसं. शकुच्या कार्डांत ते परकं दिसेल. चित्र तेजलला काढायला सांगितलं, मला येत नाही. तिने बाहेरची रेघ काढली आणि विचारलं, "रंग कोणता होता?"

मी म्हणालो, "जांभळा. म्हणजे आधी जांभळा, नंतर धुऊन धुऊन राखाडी झाला."

"मग कुठला देऊ?"

"जांभळाच दे. आणि बाह्या दुमडलेल्या काढ. दोन घड्या."

तिने काढल्या. मग विचारलं, "खिसा होता का?"

उजवीकडे एक होता. त्यात शकु सेफ्टी पिना ठेवायची, खडूचा तुकडा ठेवायची, खोकल्याच्या गोळ्या ठेवायची. एकदा खिशात लसणीच्या पाकळ्या राहिल्या आणि तशीच ती स्टेशनवर नेत्राला गाडीत बसवायला आली. वरून शाल पांघरली होती, आत हाउसकोट, कारण घाईत साडी नेसायचं राहिलं. प्लॅटफॉर्मवर तिच्या ते लक्षात आलं आणि ती खांबामागे जाऊन उभी राहिली. नेत्रा म्हणाली, मम्मी, खांब बारीक आहे, तू दिसतेस.

हे मी सांगितलं. तेजलला. ती हसायला लागली. मग मी पुढचंही सांगितलं. अंगणवाडीत एका पोराने तिचा चष्मा खिडकीतून बाहेर टाकला आणि महिनाभर ती माझा जुना चष्मा लावून गेली ते. लग्नानंतर पहिल्यांदा चारकोपच्या या घरात आलो तेव्हा सेक्टरमध्ये दिवे नव्हते आणि तिने कंदिलावर चपात्या केल्या ते. आणखीही बरंच. एकातून दुसरं निघत गेलं. कुठे थांबायचं ते मला कळत नव्हतं. सासूबाईंनी मध्येच टीव्ही बंद केला आणि पुढे सरकून बसल्या. त्या शकुला एकदाही भेटल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "मग चपात्या जळल्या का?"

"एका बाजूने," मी म्हणालो.

चहा दोनदा झाला. चित्र तसंच अर्धं राहिलं होतं, मी निघायच्या आधी तेजलने ते पूर्ण केलं आणि गठ्ठ्यात घातलं. उद्या शाळा उघडल्या उघडल्या सही करते म्हणाली. मी उठलो तेव्हा तिने विचारलं, "काका, मंगळवारी तीनला येऊ ना आम्ही?"

मी "या" म्हणालो. कशाला, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा साडेसहा झाले होते. कामावरून आल्यावर घरात काही सांगायची मला सवय नव्हती. शकु विचारायची, आज काय झालं, आणि मी म्हणायचो, काही नाही. एकतीस वर्षं. आज कुलूप उघडता उघडता वाटलं की सगळं सांगावं, पहिल्यापासून, कणीक पडली तिथपासून. आत येऊन थोडा वेळ उभा राहिलो. कोणाला सांगायचं ते कळेना, म्हणून इथे लिहिलं.